लेफ्काडा आणि आसपासची बेटं: सुट्टीत बोट भाड्याने घेण्याबद्दल सल्ला हवा आहे

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी,

पुढच्या जूनमध्ये ग्रीसला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, आमची मुलं (वय ९ आणि १२), दीर-जाऊ आणि सासू-सासरे, असे एकूण आठ जण. दर दोन दिवसांनी हॉटेल बदलत बॅगा ओढण्यापेक्षा एक बोट भाड्याने घ्यावी, तिच्यावरच राहावं आणि एखाद्या बेटाच्या आसपास आठवडाभर फिरावं, अशी दिराची कल्पना आहे. सासरे मुंबई बंदरात नोकरीला होते. हे ऐकल्यापासून ते रोज नकाशा उघडून बसतात आणि त्यांच्या उत्साहाला आम्हा कुणाचा विरोध नाही. सासूबाईंना मात्र पोहता येत नाही आणि त्या शुद्ध शाकाहारी आहेत.

आम्ही कुणीही गेटवे-मांडव्याच्या लाँचपलीकडे बोटीत बसलेलो नाही. दिराला सँटोरिनी आणि मिकोनोस हवंय. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, लेफ्काडा बघ. मुळात परवान्याशिवाय बोट मिळते का? वयस्कर माणसांना बोटीवर राहणं झेपतं का? खर्चाचा अंदाज काय? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मचवा

मृण्मयीताई, मैत्रिणीचं ऐका. मी इंग्लंडात राहतो, इथे शिडाच्या बोटीचं शिक्षण घेतलं आणि लेफ्काडाच्या बाजूला बोट घेऊन फिरलो आहे, तेव्हा त्याच भागाबद्दल लिहितो.

आधी सँटोरिनीबद्दल. फोटोत दिसतो तो अर्धगोल समुद्र म्हणजे ज्वालामुखीचं कोसळलेलं मुख आहे. काठापासून लगेच खोल होत जातं, मध्ये जवळपास चारशे मीटरपर्यंत. नांगर कुठे टाकणार? दक्षिणेला व्लिखादा नावाचं एक छोटं बंदर आहे, ते भरलेलं असलं की पंचाईत. शिवाय तो सगळा पट्टा, म्हणजे मिकोनोस, पारोस, नाक्सोस, जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाच्या उत्तरेकडच्या वाऱ्याच्या तोंडावर असतो. जूनमध्येही तो अधूनमधून डोकं वर काढतो. ब्यूफर्ट मापावर (वाऱ्याच्या जोराचं शून्य ते बारा असं माप) सात-आठपर्यंत जातो आणि काही वेळा दिवसेंदिवस थांबत नाही. लहान मुलं आणि पहिल्यांदाच बोटीवर चढणारे आजी-आजोबा घेऊन तिकडे जाऊ नये.

लेफ्काडा ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रात आहे. तिथे मुख्य भूमी पूर्वेला आणि लेफ्काडा पश्चिमेला, मधल्या पाण्यात मेगानिसी, स्कोर्पिओस, कालामोस, कास्तोस ही बेटं, आणि दक्षिणेला इथाका व केफालोनिया. उघड्या समुद्राच्या लाटा आत फारशा येत नाहीत. एका बंदरातून दुसरं बंदर बहुतेक वेळा नजरेच्या टप्प्यात असतं. उन्हाळ्यात सकाळी पाणी सपाट, दुपारी एक-दोनच्या सुमारास वायव्येकडून वारा उठतो, चार-पाच ब्यूफर्टपर्यंत जातो आणि सूर्य मावळताना पडतो. त्याला तिकडे माइस्त्रो म्हणतात.

आणखी एक सोय म्हणजे लेफ्काडा बेट असूनही रस्त्याने जोडलेलं आहे. मधे कालवा आहे, त्यावर फिरता पूल. प्रेवेझाचा विमानतळ अर्ध्या तासावर. विमान नको असेल तर अथेन्सहून केटेलची (ग्रीसमधली लांब पल्ल्याची बससेवा) बस पाच-सहा तासांत पोचवते. वाटेत रिओ-अंतिरिओचा तो केबलांनी तोललेला मोठा पूलही बघायला मिळतो. फेरी पकडायची गरज नाही.

परवान्याचं नंतर लिहितो, ते मोठं प्रकरण आहे.

स्वरदा_एम

परवान्याशिवायचं मी सांगते. ग्रीसमध्ये ३० अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरबोटीला परवाना लागत नाही, वय १८ पूर्ण हवं. आम्ही नीद्रीला खोली घेऊन राहिलो होतो. नीद्री म्हणजे लेफ्काडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव. धक्क्यावर अशा छोट्या बोटी ओळीने लागलेल्या असतात. सकाळी घ्यायची, संध्याकाळी परत. जूनमध्ये दिवसाचं भाडं शंभर युरोच्या आगेमागे धरा, पेट्रोल वेगळं. ऑगस्टमध्ये वाढतं.

देण्याआधी माणूस अर्धा तास बोटीत बसून शिकवतो: इंजिन चालू-बंद कसं करायचं, नांगर कसा टाकायचा, मागे कशी घ्यायची. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला एक लाल वळणदार दोरी अडकवायची असते. चालवणारा पाण्यात पडला तर ती निसटते आणि इंजिन आपोआप बंद पडतं. ती काढून ठेवायची नाही, कितीही अडचण वाटली तरी. कुठवर जायचं तेही नकाशावर रेघ मारून देतात. पश्चिम किनाऱ्याला, पोर्तो कात्सिकीकडे, या बोटी जाऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे, तिकडे लाट मोठी असते.

आम्ही मेगानिसीची पापानिकोलिसची गुहा बघितली. दुसऱ्या महायुद्धात त्याच नावाची ग्रीक पाणबुडी तिथे लपत असे असं सांगतात. स्कोर्पिओस म्हणजे ग्रीक जहाजमालक ओनासिसचं एकेकाळचं बेट, १९६८ साली जॅकी केनेडीशी त्याचं लग्न तिथेच झालं. बेट खाजगी आहे, बाहेर बोट थांबवून पोहता येतं. माझं मत विचाराल तर सासू-सासरे असताना हेच करा. रात्री पक्क्या जमिनीवर, दिवसा बोटीत.

खारा_वारा

मी स्वरदाशी सहमत आहे. आयुष्य व्यापारी जहाजांवर गेलं, भूमध्य समुद्रातून अनेकदा गेलो, म्हणून जरा काळजीने लिहितो.

"तलावासारखा समुद्र" असं जाहिरातीत छापतात, तो नेहमी तसा नसतो. सप्टेंबर २०२० मध्ये इयानोस नावाचं वादळ याच बेटांवर आलं. केफालोनिया, इथाका, झाकिंथोस, लेफ्काडा, सगळीकडे बोटी काठावर फेकल्या गेल्या. ते उन्हाळा संपतानाचं, जूनमध्ये अशी भीती फार कमी. पण गडगडाटी पाऊस जूनमध्येही येतो आणि वारा दहा मिनिटांत दिशा बदलतो.

मेल्तेमीबद्दल वर आलंय त्यात थोडी भर. आपल्या मॉन्सूनचा कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे इराण ओलांडून तुर्कस्तानपर्यंत पसरतो. बाल्कनच्या बाजूला त्याच वेळी दाब जास्त असतो. या दोन्हींच्या चिमट्यातून एजियन समुद्रावर उत्तरेचा वारा सुटतो. कोकणात जुलैत पाऊस कोसळत असतो तेव्हा तिकडे मेल्तेमीचा जोर असतो, तो योगायोग नव्हे. म्हणून एजियन टाळा हे मचवा यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

दोन गोष्टी फोनमध्ये आत्ताच साठवा. ग्रीक तटरक्षक दलाचा नंबर १०८ आहे. आपल्याकडे तो रुग्णवाहिकेचा, तिथे समुद्रातल्या मदतीचा. ११२ युरोपभर चालतो. आणि बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरची वाहिनी कायम चालू ठेवायची. तिच्यावर वादळाच्या इशाऱ्यांची घोषणा होते, ग्रीकमध्ये आणि इंग्रजीत.

आठ जण, त्यात दोन मुलं, दोन ज्येष्ठ आणि एकालाही अनुभव नाही. स्किपरशिवाय, म्हणजे बोट चालवणाऱ्या जाणत्या माणसाशिवाय, राहायची बोट घेण्याचा विचारही करू नका.

मचवा

खारा_वारा, स्किपरबद्दल तुमच्याशी वाद नाही. तसंही परवान्याशिवाय तो प्रश्न उरतच नाही.

मृण्मयीताई, राहायची बोट तीन प्रकारे मिळते. नुसती बोट, चालवणारे तुम्ही: याला बेअरबोट म्हणतात. त्यासाठी चालवणाऱ्याकडे मान्य प्रमाणपत्र लागतं आणि ग्रीसमध्ये सोबतच्या दुसऱ्या एका माणसालाही अनुभव असल्याचं लिहून द्यावं लागतं. भारतातलं गाडीचं लायसन्स इथे उपयोगाचं नाही. दुसरा प्रकार फ्लोटिला. दहा-बारा बोटी एकत्र निघतात, पुढच्या बोटीवर कंपनीची माणसं असतात, संध्याकाळी धक्क्याला लावायला मदत करतात. पण तिथेही प्रत्येक बोटीवर प्रमाणपत्र असलेला माणूस लागतोच. तिसरा प्रकार म्हणजे बोटीसोबत स्किपर. तुमच्यासाठी हाच.

स्किपर दिवसाला साधारण दोनशे युरो घेतो आणि त्याचं जेवण तुमच्याकडे. आता एक गोष्ट नीट वाचा, कारण बुकिंग करताना इथेच अडकायला होतं: स्किपर माणसांत मोजला जातो. तुम्ही आठ, तो नववा. बोटीच्या कागदांवर किती माणसांची परवानगी आहे तेवढीच चढू शकतात आणि त्याला झोपायला जागा द्यावी लागते. "आठ बर्थ" लिहिलेली बोट तुम्हाला पुरणार नाही.

चार खोल्यांची एकपात्री (एकाच सांगाड्याची) बोट, साधारण ४५ फुटांच्या पुढची, शिडावर चालताना एका बाजूला कलते. मुलांना ते फार आवडतं, आजींना नाही. कॅटामरान, म्हणजे दोन पात्रांची बोट, फारशी कलत नाही. बसायला प्रशस्त, पायऱ्या कमी, ४० फुटांतही चार खोल्या आणि बहुधा चार संडास-बाथरूम. भाडं बरंच जास्त, कधी दुपटीच्या घरात. ज्येष्ठ असतील तर मी पैसे तिथे घालेन आणि दुसरीकडे वाचवेन.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दर जुलै-ऑगस्टपेक्षा बरेच कमी असतात. चाळीस फुटांच्या आसपासची साधी एकपात्री बोट आठवड्याला दोन ते साडेतीन हजार युरोत मिळते, त्यावर स्किपर, डिझेल, शेवटची सफाई आणि अनामत रक्कम. अनामत दोन-तीन हजार युरोंची असते, कार्डावर अडकवून ठेवतात. आठवडा शनिवार ते शनिवारच धरतात. शनिवारी संध्याकाळी बोट ताब्यात, शुक्रवारी संध्याकाळी परत बंदरात.

गाबीत_मालवण

वाचतंय. आमच्याकडे भरती-ओहोटी बघितल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाहीत. तिकडे भरतीचं वेळापत्रक कुठे मिळतं?

मचवा

@गाबीत_मालवण, तिथे ते लागतच नाही. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी वीतभर, फार तर हातभर. मुंबईत मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी साडेचार-पाच मीटर खालीवर होते, त्याच्यापुढे काहीच नाही. म्हणूनच तिथे बोट धक्क्याला पाठ लावून बांधता येते आणि रात्रभर दोर ढिले-घट्ट करत बसावं लागत नाही.

हे बांधणं कसं ते सांगतो, कारण बोटीच्या सुट्टीतला सगळ्यात कसोटीचा वेळ रोज संध्याकाळी हाच असतो. धक्का समोर दिसतो, त्यावर आधीच लागलेल्या दोन बोटींच्या मधे जेमतेम एक जागा. आपण धक्क्याकडे पाठ करायची, तीन-चार बोटींच्या लांबीइतकं दूर असताना नाळेवरून (बोटीच्या पुढच्या टोकावरून) नांगर सोडायचा आणि हळूहळू मागे यायचं. साखळी एकसारखी सुटत राहिली पाहिजे. ती मधेच अडली तर बोट जागच्या जागी थांबते आणि नाळ वाऱ्याने बाजूला पडते. दोन्ही बाजूंना बोट घासू नये म्हणून रबरी फुगे टांगलेले असतात, तरीही एक माणूस हातात मोकळा फुगा घेऊन मागे उभा असतो. धक्क्याच्या जवळ आलं की वाऱ्याच्या बाजूचा दोर आधी फेकायचा. काठावर कुणीतरी उभं असतंच, तो कडीतून ओवून परत देतो. मग दुसरा दोर. मग पुढची साखळी थोडी ओढून घ्यायची, म्हणजे बोट धक्क्यापासून हातभर दूर राहते. शेवटी फळी टाकायची, तिच्यावरून उतरायचं. सासूबाईंना त्रास झाला तर या फळीचा होईल. एक जण पुढे, एक जण मागे, हात धरून, आणि पाणी स्थिर असताना.

केफालोनियाच्या फिस्कार्दो बंदरात गर्दी असते आणि सगळ्यांच्या साखळ्या तळाला गोफ विणल्यासारख्या एकमेकींत अडकतात. सकाळी निघताना दुसऱ्याचा नांगर आपल्या साखळीवर वर येतो. स्किपर असला तर तो दोर घालून शांतपणे सोडवतो. दुपारी दोन-अडीचपर्यंत बंदरात पोचलं की यातलं बरंचसं टळतं.

अनुस्वार

मुलांना बोट लागते का? माझा मुलगा खंबाटकी घाटातही उलट्या करतो.

खारा_वारा

डॉक्टरांना विचारून सिनारिझिनची गोळी सोबत ठेवा, निघण्याआधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नाही. खालच्या खोलीत बसून मोबाइल बघू देऊ नका, वर उघड्यावर बसवा आणि नजर क्षितिजावर. सुकाणू हातात दिलं तर बऱ्याच मुलांचं मळमळणं थांबतं. मुलांची जीवरक्षक जाकिटं वजनाप्रमाणे येतात, बुकिंग करतानाच वजन कळवा. कठड्याला जाळी लावून मिळते, तीही आधीच मागा.

निरगुडी

बोट ताब्यात घेतानाच्या तपासणीवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या एका बोटीच्या कंपनीने (नाव लिहीत नाही) परत देताना बोटीच्या पाण्याखालच्या पंख्याच्या पात्यावरची खरचट दाखवली आणि अनामतीतून मोठी रक्कम कापायला निघाले. आमच्याकडे पहिल्या दिवशी पाण्याखाली गॉगल लावून घेतलेला व्हिडिओ होता, त्यात तीच खरचट स्वच्छ दिसत होती. म्हणून पूर्ण पैसे परत मिळाले.

तेव्हा शनिवारी संध्याकाळी कितीही थकलेले असा, तास-दीड तास त्यासाठी काढा. बोटीची दोन्ही अंगं, नाळ, मागचा भाग, पाण्याखालचा पंखा, डिंगीचं (काठावर ये-जा करायच्या छोट्या होडीचं) इंजिन, शिडं पूर्ण उघडून, आणि नांगराची साखळी. साखळीवर ठरावीक अंतरावर रंगाच्या खुणा असतात, त्यांचा अर्थ विचारून घ्या. संडासाचा पंप स्वतः चालवून बघा. त्यात कागद टाकायचा नसतो, मुलांना हे पहिल्याच तासात बजावून सांगा. एकदा तुंबला की निम्मा दिवस त्यातच जातो. अनामतीऐवजी थोडी न परतणारी रक्कम भरून विमा घेता येतो, आम्ही आता तेच करतो.

कातालानिया

मी बार्सिलोनाजवळ राहतो. धागा ग्रीसचा आहे, पण नांगराबद्दल एक मुद्दा सगळ्या भूमध्य समुद्राला लागू आहे आणि माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे.

तळाला गडद हिरवे-काळे पट्टे दिसतात, ती पोसिडोनिया. शेवाळ नव्हे, मुळं, पानं, फुलं असलेली वनस्पती. माशांची पिल्लं तिच्यात वाढतात, पाणी निवळ राहतं, किनाऱ्याची वाळू ती धरून ठेवते. स्पेनच्या फॉर्मेंतेरा बेटाजवळ तिचं एकच रोप सुमारे आठ किलोमीटर पसरलेलं २००६ मध्ये सापडलं. वाढ मात्र वर्षाला काही सेंटिमीटर. एका बोटीचा नांगर आणि तिची साखळी एका रात्रीत जेवढं उपटते तेवढं भरून यायला अनेक वर्षं जातात. ते बेट ज्या समूहात आहे त्या बालेआरिक बेटांनी २०१८ मध्ये तिच्यावर नांगर टाकायला कायद्यानेच बंदी केली, दंड होतो.

आयोनियनमध्येही ती भरपूर आहे. पाण्यात फिकट निळा, जवळपास पांढरा डाग दिसेल तिथे वाळू असते, नांगर तिथेच टाकायला सांगा. गवतात नांगर नीट रुततही नाही, म्हणजे यात तुमचीही सुरक्षितता आहे. स्किपरला पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगा. चांगला स्किपर खूश होईल.

बाकी स्पेनमध्ये परवान्याशिवाय फक्त पाच मीटरपर्यंतची, १५ अश्वशक्तीची बोट मिळते, दिवसाउजेडी आणि बंदरापासून दोन सागरी मैलांच्या आत. फ्रान्समध्ये, म्हणजे कॉर्सिकालाही, सहा अश्वशक्ती. इटलीत चाळीस. क्रोएशियात बहुधा परवाना लागतोच. ग्रीसची तीसची मर्यादा नवख्यांना पुष्कळ उपयोगी आहे.

मृण्मयी_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. दिराने सँटोरिनीचा हट्ट सोडला, चारशे मीटर खोली वाचून. सासऱ्यांनी पूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवला. फळीचा परिच्छेद सासूबाईंनी दोनदा वाचायला लावला.

आता शाकाहाराचं सांगा. आणि मचवा, रोज कुठे थांबायचं याचा ढोबळ आराखडा द्याल का?

अबोली

शाकाहाराची चिंता करू नका, ग्रीस त्या बाबतीत फार चांगलं आहे. जेवणाच्या जागी 'लादेरा' आहे का विचारा, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या. भेंडी, फरसबी, वांगी. ब्रियम म्हणजे वांगं-बटाटा-दोडका जातीची भाजी भट्टीत भाजलेली. गिगांतेस म्हणजे मोठे पांढरे पावटे टोमॅटोच्या रश्श्यात, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा. पालकाची पिता, म्हणजे सारण भरून भाजलेली पाई, मिळते. उपासाचे पदार्थ म्हणून 'निस्तीसिमा' सांगतात, त्यात मांस-दूध नसतं पण शिंपले-कोळंबी चालते, तेवढं जपा.

लेफ्काडाच्या डोंगरात एंग्लूवी नावाचं गाव आहे, तिथली मसूर ग्रीसभर प्रसिद्ध आहे. दाणा बारीक, शिजते पटकन. लेफ्काडाच्या बाजारात पिशवी मिळाली तर घ्याच. कांदा-लसणाची फोडणी देऊन आमटी केली की सासूबाई प्रसन्न होतील.

बोटीवर दोन शेगड्यांचा गॅस असतो, एकपात्री बोटीवर तो टांगलेला असतो म्हणून बोट हलली तरी भांडं सरळ राहतं. छोटा कुकर, मसाल्याचा डबा, हिंग, पोहे, मेतकूट, घरचं लोणचं एवढं न्या. कणीक तिकडे मिळते ती वेगळ्या जातीची, पोळ्यांसाठी थोडी सोबत नेली तर बरं. स्वयंपाक नांगर टाकल्यावरच करायचा आणि झाला की सिलिंडरची चावी बंद. टाकीतलं पाणी मोजकंच असतं, भांडी आधी समुद्राच्या पाण्यात खळबळून शेवटी गोड्या पाण्यात धुवा.

मचवा

आराखडा देतो, पण शेवटचा शब्द वाऱ्याचा आणि स्किपरचा. आधीपासून सगळं ठरवून त्यालाच चिकटून राहणारी मंडळी नको त्या दिवशी बाहेर पडतात.

शनिवारी उशीर होतो, बंदरातच झोपा. रविवारी मेगानिसी, स्पार्तोखोरीच्या खाली जेवणाच्या घरांचे स्वतःचे धक्के आहेत. त्यांच्याकडे जेवलं की बांधण्याचे पैसे बहुधा घेत नाहीत. गाव वर टेकडीवर, चढण आहे, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर जा. सोमवारी कास्तोस. छोटं बंदर, लवकर भरतं. मंगळवारी इथाकाचं किओनी, बारा-तेरा सागरी मैल, वारा बहुधा कडेने, म्हणजे शिडाचा खरा आनंद त्या दिवशी.

बुधवारी इथाकाच्या उत्तर टोकाला वळसा घालून केफालोनियाचं फिस्कार्दो. १९५३ च्या भूकंपात केफालोनियाची बहुतेक गावं जमीनदोस्त झाली, फिस्कार्दो वाचलं, म्हणून जुनी व्हेनिशियन धाटणीची घरं तिथेच बघायला मिळतात. गुरुवारी परत लेफ्काडाकडे, दक्षिण किनाऱ्याच्या सिवोताला, दहा-अकरा मैल. या टप्प्यावर दुपारी वारा आणि लाट कडेने येते. सकाळी सातला इंजिनवर निघा, वारा उठण्याआधी पोचाल. दुपारी निघालात तर तीच वाट आदळत-आपटत जावी लागते आणि सासूबाई पुन्हा बोटीचं नाव काढणार नाहीत. शुक्रवारी नीद्रीजवळच्या व्लिखोच्या खाडीत पोहणं-जेवण, मग बंदर. व्लिखो चारही बाजूंनी झाकलेली आहे, तळाला चिखल, नांगर पक्का रुततो.

नीद्रीसमोरच्या काठावर डॉर्पफेल्ड या जर्मन पुरातत्त्वज्ञाची कबर आहे. होमरच्या महाकाव्याचा नायक ओडिसियस, त्याची खरी इथाका म्हणजे लेफ्काडाच असं त्याचं मत होतं, त्यासाठी त्याने नीद्रीला उत्खननं केली आणि १९४० मध्ये तिथेच वारला. विद्वानांनी त्याचं म्हणणं मान्य केलेलं नाही. पण सासऱ्यांना नकाशाची आवड आहे तर त्यांना नक्की दाखवा.

खारा_वारा

आराखडा उत्तम. माझा आग्रह एकच, एक दिवस मोकळा ठेवा. सहा ब्यूफर्टचा अंदाज असला तर बंदरातच थांबायचं, आणि स्किपर "नाही" म्हणाला की त्याच्याशी घासाघीस करायची नाही.

स्वरदा_एम

व्हिसाचंही बघा. शेंगेनसाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, जूनसाठी अपॉइंटमेंट लवकर संपतात. विम्याचं कवच किमान ३०,००० युरोंचं लागतं. बोटीवर राहणार असाल तर राहण्याचा पुरावा म्हणून बोटीचा करार आणि सगळ्यांची नावं असलेली यादी जोडा. यादीतलं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच असू द्या. तीच यादी पुढे बंदरातही लागते.

मृण्मयी_ठाणे

घरात बैठक झाली. कॅटामरान घ्यायची, स्किपरसकट, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. परत आल्यावर दोन रात्री नीद्रीला खोल्या. त्यातला एक दिवस स्वरदा म्हणते तशी छोटी मोटरबोट घेऊन दीर मुलांना स्कोर्पिओसकडे नेईल. खर्च ठरवला होता त्यापेक्षा वाढतोय, म्हणून अथेन्समधले मुक्काम कमी केले. सासूबाईंनी ठाण्यात पोहण्याच्या तलावावर ज्येष्ठांच्या सकाळच्या बॅचला नाव घातलं आहे, हे मला सगळ्यात आवडलं.

एक राहिलं. कंपनीने करार पाठवलाय त्यात लिहिलंय की रात्री बोट चालवायची नाही. आम्हाला तर सूर्यास्त समुद्रात बघायचा होता. स्किपर असतानाही हे लागू होतं का?

मचवा

बहुतेक करारांत ते असतं आणि मूळ उद्देश बेअरबोटवाल्यांसाठी असतो. स्किपर असताना सूट मिळते का, ते कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखीच घ्या, तोंडी चालणार नाही. पण सूर्यास्तासाठी बोट चालती असायला लागत नाही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या एखाद्या खाडीत नांगर टाका, जेवण उरका आणि वर बसून बघा. जूनमध्ये तिथे रात्री नऊच्या सुमारास सूर्य मावळतो.

करारात आणखी तीन गोष्टी तपासा: बोटीवर एकूण नऊ माणसांची परवानगी, मुलांची जाकिटं आणि जाळी लेखी नमूद केलेली, आणि तुम्हाला बोट देता आली नाही तर पर्यायी बोट किती फुटांची आणि किती वर्षं जुनी देणार ते. करार व्यक्तिगत निरोपाने पाठवलात तर शनिवारी बघून सांगतो.